इंग्रजी कच्चे आहे, मग शिकवू कसे?



परतूर तालुक्यातून एका भगिनीचे पत्र आले आहे. ती बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. नाव-गाव छापू नये अशी तिची विनंती आहे, ती पाळतो. त्यांच्या वस्तीतल्या समाजमंदिरात संध्याकाळी मुलांसाठी अभ्यासिका सुरू करायचे ठरले आहे. गणिताला आयटीआय झालेला एक मुलगा तयार झाला. मराठी, इतिहास कोणीही घेईल. गाडी अडली ती इंग्रजीपाशी. मंडळाच्या अध्यक्षांनी या भगिनीचे नाव सुचवले आणि त्या रात्री तिला झोप लागली नाही. बारावीला इंग्रजीत ४२ गुण. मुलांनी एखादा शब्द विचारला आणि आला नाही तर काय? दहावीतली एखादी पोरगी म्हणाली, ताई हे चुकले, तर वस्तीत तोंड कसे दाखवायचे? आणि नाही म्हटले तर समाजकार्यातून पळ काढला असे होईल का?

हा एकट्या या भगिनीचा प्रश्न असता तर मी पोस्टकार्डावर उत्तर देऊन मोकळा झालो असतो. पण गेली पंधरा-सोळा वर्षे नोकरी सांभाळून मी जालन्यात मुलांना अभ्यासाला बसवतो आहे, आणि दर जूनमध्ये हेच पाहतो. कोण काय शिकवणार असे विचारले की इतिहासाला चार हात वर होतात, गणिताला दोन, आणि इंग्रजीचे नाव काढले की सगळे चपला शोधायला लागतात. पदवीधर असतात, काही जण एम. ए. असतात. तरी हात वर होत नाही.

या भीतीला आपल्या भागात जुना इतिहास आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघाले ते उर्दू माध्यम घेऊन. वर चढायचे तर उर्दू हवी. आपल्या आजोबा-पणजोबांना शाळेचा उंबराच बंद, त्यामुळे त्यांच्या वाट्याला उर्दूही नाही आणि इंग्रजीही नाही. १९५० साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने तेव्हाच्या औरंगाबादला महाविद्यालय काढले, तेव्हा कुठे या भागातल्या पोरांना दार दिसले. पुढे त्याला मिलिंद हे नाव मिळाले. मिलिंद म्हणजे भिक्खू नागसेनाला प्रश्नावर प्रश्न विचारणारा ग्रीक राजा. उत्तरे देणाऱ्या नागसेनाचे नाव परिसराला दिले, पण महाविद्यालयाला दिले ते विचारणाऱ्याचे. ज्यांना मुलांच्या प्रश्नांची धास्ती वाटते त्यांनी यावर जरा विचार करावा.

माझ्या पिढीला इंग्रजी पाचवीत सुरू झाले. २००० सालापासून राज्यातल्या मराठी शाळांत ते पहिलीपासून आले. पत्र लिहिणारी भगिनी या नव्या पिढीतली, म्हणजे बारा वर्षे इंग्रजी शिकलेली. तरी भीती तीच! 'असर' या शैक्षणिक पाहणीत २०२२ साली देशाच्या ग्रामीण भागातली पाचवीची मुले तपासली, तेव्हा सोपी इंग्रजी वाक्ये वाचू शकणारी मुले शंभरात पंचवीससुद्धा भरली नाहीत. कारण शोधायला लांब जायला नको. गाइडमधले उत्तर फळ्यावर, फळ्यावरचे वहीत आणि वहीतले पेपरात, असा हा प्रवास चालतो. यात इंग्रजी मुलाच्या तोंडातून एकदाही जात नाही. जे तोंडातून कधी गेलेच नाही ते शिकवायला उभे राहताना पाय लटपटणारच.

बरे, न शिकवून चालेल का? आपल्या जिल्ह्यातल्या अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या भागांत दिवाळी झाली की कोयते कारखान्यांकडे निघतात ते थेट उन्हाळ्यात परततात. दहावीची परीक्षा येते फेब्रुवारी-मार्चात. ज्या महिन्यांत अभ्यासाला पाठीशी माणूस हवे, नेमक्या त्याच महिन्यांत घरात आजी आणि लहान भावंडे. निकाल लागतो तेव्हा नापासांच्या यादीत इंग्रजी आणि गणित हे दोनच विषय पुन्हा पुन्हा दिसतात. इंग्रजीत गेलेला मुलगा पुढच्या हंगामात स्वतःच कोयता धरतो. मुलगी गेली की स्थळे यायला लागतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे २२ जणींचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले आढळले, आणि मराठवाड्यातल्या बहुतेक जिल्ह्यांत हे प्रमाण त्याहून अधिक निघाले. त्या सगळ्याच दहावीत नापास झाल्या होत्या असे मी म्हणत नाही. पण शाळा सुटली की लग्न जवळ येते, हे आपल्या वस्तीत कोणालाही विचारा.

म्हणून माझे उत्तर आधीच सांगून टाकतो. ताई, तुम्ही शिकवा.

आता का ते सांगतो. रामजी सुभेदार इंग्रजीचे प्राध्यापक नव्हते. लष्करी शाळेत शिकवलेला तो माणूस. पण त्यांनी हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतरमाला भीमरावांकडून घोटून घेतली. रोज, न कंटाळता. त्या काळी घरात याहून मोठी साधने नव्हती. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा ७५० पैकी २८२ गुण मिळाल्याची नोंद चरित्रकारांनी केली आहे. टक्केवारी काढली तर ३८ सुद्धा भरत नाही. पुढे १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले आणि त्यांनी कसे इंग्रजी लिहिले ते जगाने पाहिले. ४२ गुणांचे ओझे वागवणाऱ्यांनी हा हिशेब डोक्यात ठेवावा.

दुसरे उदाहरण सावित्रीबाईंचे. १८४८ साली पुण्याच्या भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली तेव्हा सावित्रीबाई अवघ्या सतरा वर्षांच्या होत्या. त्यांना जोतीरावांनी घरीच शिकवले होते. पुढचा अभ्यास जोतीरावांचे स्नेही सखाराम यशवंत परांजपे आणि केशव शिवराम भवाळकर यांच्याकडे झाला. म्हणजे त्या शिकतही होत्या आणि शिकवतही होत्या. आपले शिक्षण पुरे होईपर्यंत थांबल्या असत्या तर पहिली तुकडी बसलीच नसती. १८५४ साली त्यांचा 'काव्यफुले' हा संग्रह निघाला, त्यात इंग्रजी शिकण्याविषयीची कविता आहे. आणि १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीरावांनी मागणी केली की प्राथमिक शाळांचे शिक्षक होता होईल तो शेतकरी वर्गातलेच तयार करावेत, म्हणजे ते मुलांमध्ये मिसळतील. शिक्षक विद्वान असण्याइतकेच तो मुलाच्या घरातले जाणणारा असणे त्यांना महत्त्वाचे वाटत होते.

कोणी म्हणेल, ही थोरांची उदाहरणे झाली, आपण साधी माणसे. तर मग साध्या माणसांचे ऐका. मुंबईत 'प्रथम' या संस्थेने महापालिकेच्या शाळांत 'बालसखी' नावाची योजना चालवली. तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुले वेगळी बसवायची आणि रोज दोन तास त्यांना वाचन आणि हिशेब शिकवायचा. शिकवणार कोण? तर त्याच वस्तीतल्या, साधारण बारावीपर्यंत शिकलेल्या मुली. सुरुवातीला दोन आठवड्यांचे प्रशिक्षण आणि अल्प मानधन, बस्स. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि बडोदा या दोन शहरांत या योजनेची काटेकोर तपासणी झाली. बालसखी मिळालेल्या शाळांतली मुले न मिळालेल्या शाळांतल्या मुलांपेक्षा पुढे गेलेली आढळली, आणि फायदा सगळ्यात मागे असलेल्यांना सगळ्यात जास्त झाला. तपासणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते. या दोघांना २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. (जाता जाता, बॅनर्जींच्या मातोश्री निर्मलाताई माहेरच्या पाटणकर, म्हणजे आपल्या मराठी मुलखातल्या.) आता हे खरे, की बालसखी इंग्रजी शिकवत नव्हत्या. पण मुद्दा असा, की मागे पडलेल्या मुलाला विद्वानापेक्षा त्याच्या पायरीवर उतरून बसणारे माणूस लागते, आणि ते माणूस बारावी झालेले असले तरी काम होते.

याच मंडळींनी उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात २००५-०६ साली आणखी एक प्रयोग केला. गावातल्या तरुणांना थोडे प्रशिक्षण देऊन संध्याकाळचे वाचनवर्ग चालवले, तेही बिनपगारी. ज्या मुलांना अक्षरही येत नव्हते त्यांतली जी वर्गाला आली ती सगळी निदान अक्षरे वाचू लागली. मात्र येणारी मुले फार थोडी निघाली. शिकवणारे हजर आणि मुले गैरहजर! आपल्या अभ्यासिकाही इथेच बसतात. उद्घाटनाला साठ मुले, हार-तुरे, फोटो. तिसऱ्या आठवड्यात सहा. तेव्हा ताई, तुमच्या इंग्रजीपेक्षा मला काळजी वाटते ती हजेरीची. आणि हजेरीच्या बाबतीत शहरातून येणाऱ्या एखाद्या पंडितापेक्षा तुम्ही शंभर पटीने सरस. कोणत्या घरात बाळ आजारी आहे, कोणाची आई कारखान्यावर गेली आहे, कोण पाणी भरायच्या निमित्ताने सटकते, हे तुम्हाला घरबसल्या ठाऊक असते.

आता प्रत्यक्ष शिकवायचे कसे ते माझ्या अनुभवाने सांगतो. मी बी. कॉम. माणूस, कार्यालयात लिपिक. 'विथ रेफरन्स टु द अबोव्ह सब्जेक्ट' या एका वाक्यावर माझी निम्मी नोकरी झाली आहे. फाडफाड इंग्रजी मला बोलता येत नाही, आणि तीस दिवसांत ते शिकवू म्हणणाऱ्या जाहिरातींवर माझा विश्वासही नाही.

पहिल्या दिवशी धडा काढू नका. मुलाला जवळ बसवून पाच अक्षरे, पाच सोपे शब्द आणि तीन-चार लहान वाक्ये वाचायला द्या. दहा मिनिटांत कळते की मूल कुठे उभे आहे. दहावीत बसलेले पोर इंग्रजी वाचनात चौथीच्या पायरीवर आढळले तर दचकू नका आणि त्याच्या तोंडावर तसे बोलूही नका. त्याला चौथी-पाचवीचे बालभारतीचे पुस्तक द्या. लाज वाटते म्हणाले तर पुस्तकाला वर्तमानपत्राचे कव्हर घाला. आमच्याकडे सगळ्याच पुस्तकांना कव्हर असते, त्यामुळे कोण कितवीचे वाचतो हे बाजूच्याला कळत नाही.

मग शब्द. मुलांना इंग्रजी येत नाही ही अफवा आहे. मुलांकडून त्यांच्या घरातले इंग्रजी शब्द काढून घ्या. बस, स्टँड, तिकीट, मीटर, फ्यूज, पाइप, ड्रिप, स्प्रे, ट्रॅक्टर, ट्रॉली, ब्रेक, हॉर्न, रेशन, फॉर्म, झेरॉक्स. जालन्यात ज्यांचे वडील लोखंडाच्या कारखान्यात जातात ती पोरे फर्नेस, रोलिंग, स्क्रॅप, शिफ्ट, हेल्पर, ओव्हरटाइम असे शब्द पटापट सांगतात. एकदा एका संध्याकाळी आम्ही मोजले, तर दीडशेच्या वर शब्द निघाले आणि फळा पुरला नाही. हे शब्द अर्थासकट पोरांच्या तोंडात आहेत. फक्त त्यांचे स्पेलिंग लिहायचे आणि वाचायचे राहिले आहे. स्पेलिंग तुम्हाला येत नसेल तर शब्दकोश उघडा, आणि मुलांदेखत उघडा. शब्दकोश बघणारी ताई पाहिली की मुलालाही बघायची सवय लागते. शब्द कोण आधी शोधतो याची शर्यत लावा, पोरे जागची हलत नाहीत. मोबाइलवरचा शब्दकोश उच्चारही ऐकवतो, तेवढ्या कामापुरता तो मोबाइल चांगला.

उच्चाराबद्दल एक गोष्ट मुलांना मोकळेपणाने सांगा. आपल्या मराठीत अक्षर दिसले की आवाज ठरला. इंग्रजीत तसे नाही. तेच यू अक्षर 'कट'मध्ये अ होते आणि 'पुट'मध्ये उ होते. का, असे मला एका सहावीच्या मुलाने विचारले. मी म्हणालो, मलाही माहीत नाही, पण असे शब्द आपण दोघे मिळून गोळा करू. त्याची ती यादी अजून भिंतीवर आहे. यात मुलाचा दोष नाही, भाषेचीच तऱ्हा तशी आहे, हे एकदा कळले की मुलाच्या मनातली निम्मी भीती जाते. आणि कोणी 'इस्टेशन' म्हणाले तर हसू नका, दुसऱ्यालाही हसू देऊ नका. आपण फक्त नीट म्हणून दाखवावे आणि पुढे जावे.

वाक्याचे मर्म एकच. मराठीत क्रियापद शेवटी, इंग्रजीत ते कर्त्याच्या पाठोपाठ. 'मी भाकरी खाते' हे 'आय ईट भाकरी' होते. भाकरीला भाकरीच राहू द्या, तिचे ब्रेड करण्याच्या फंदात पडू नका. अशी रोज दहा वाक्ये, तोंडी आधी, वहीत नंतर. मी पाणी आणते, आजी शेळी बांधते, दादा शाळेत जातो. 'दादा' आला की क्रियापदाला एस लागतो, एवढे एक व्याकरण महिनाभर पुरते. बारा काळांचा तक्ता भिंतीवर लावून पोरांना पळवून लावू नका. समजावून सांगताना खुशाल मराठीत सांगा. काही जण म्हणतात, इंग्रजीच्या तासाला मराठी शब्द काढायचा नाही. हे मला पटत नाही. भाषांतर करत करत पिढ्याच्या पिढ्या शिकल्या, आणि दहावीच्या पेपरातही शेवटी मराठीत भाषांतर करण्याचा प्रश्न असतोच.

दहावीची मुले असतील तर जानेवारीपासून वेगळा हिशेब. शंभरातले ८० गुण लेखी, २० अंतर्गत. पास व्हायला ३५. पाठ्यपुस्तकातले उतारे मोठ्याने वाचून घ्या, उताऱ्याखालच्या प्रश्नाचे उत्तर उताऱ्यातच कुठे लपले आहे ते बोट ठेवून दाखवायला सांगा. पत्रलेखनाची एक-दोन रूपे पाठ करून घ्यायला हरकत नाही. आम्हीही कार्यालयात तेच करतो.

तुमच्याने होणार नाही असेही काही आहे, ते मंडळाला स्पष्ट सांगा. वरच्या वर्गाचे अवघड व्याकरण, बोलण्याचा सराव, स्पर्धा परीक्षेचे इंग्रजी यांसाठी महिन्यातून एखादा रविवार सेवानिवृत्त शिक्षक किंवा बँकेतला एखादा बंधू बोलवावा. त्या दिवशी तुम्हीही वही घेऊन मुलांच्या रांगेत बसा. आणि अभ्यासिका निघाली म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळेला कोणी मोकळे सोडू नये. तिथे इंग्रजीचा शिक्षक नसेल तर शाळा व्यवस्थापन समितीने लेखी मागणी करून पोच घ्यावी. फुकट शिकवणारी ताई मिळाली म्हणून सरकारची जागा रिकामी ठेवायची सोय आपण करून देऊ नये.

ताई, तुमच्या पत्रातले एक वाक्य राहिले. एखादी मुलगी चूक दाखवील याची तुम्हाला धास्ती आहे. तशी मुलगी सापडली तर तिला सोडू नका. तिला धाकट्या मुलांची पाच जणांची रांग द्या. मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेत अँड्र्यू बेल नावाच्या पाद्रीने १७९० च्या दशकात हेच केले. धुळीत अक्षरे गिरवणारी आपल्याकडची गावशाळा पाहून त्याने मोठ्या मुलाला लहानांचा शिक्षक केले. ती पद्धत पुढे इंग्लंडात पसरली. म्हणजे इंग्रजांची पोरे आपल्या धूळपाटीवरून शिकली, असेही म्हणता येईल!

सुरुवातीला एक शब्दकोश, पाचवीची दोन पुस्तके, खडूची पेटी आणि हजेरीची वही एवढे मंडळाकडून मागून घ्या. वेळ सहा ते साडेसात ठेवा. मुलींना घरापर्यंत पोचवायला कोण येणार हे पहिल्याच बैठकीत नावानिशी ठरवून घ्या आणि ते वहीत लिहून सह्या घ्या. महिन्याने पुन्हा पत्र टाका. मुले किती आली, किती टिकली, ते आकड्यांत कळवा.